भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी फोन केलात तो रडतच. तुमच्या आईला कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. जुन्नरच्या शाळेचा हॉल, टेबलावर माझं मोठं चित्र, चित्राला झेंडूचा हार आणि पुढे पेटलेली समई. तुम्हाला वाटलं आजी गेली आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही. मी म्हटलं, अरे, मी बोलतेय ना, मग गेले कशी? तेव्हा कुठे तुम्ही हसलात. आणि मग तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, चित्रात तुझ्या कपाळावर ते पांढरं काय आहे?"

मी म्हणाले, "ऊन पडलं होतं गं."

ते ऊन नव्हतं. काय होतं ते मला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि निबंधाची सुरुवात कुठून करायची हे दर वर्षी फळ्यावर लिहून दिलं. तेव्हा मीही क्रमाने सांगते. आधी चित्र काढणाऱ्याबद्दल, मग चित्राबद्दल, आणि मग त्या पांढऱ्याबद्दल.

चित्र काढणारे म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भावजी म्हणते. तुम्ही त्यांना एकदाच भेटलात, भीमाशंकरला जाताना वाटेत शिनोलीला थांबलो होतो तेव्हा. रस्त्यालगतची पत्र्याची लांबट शेड, आत टर्पेंटाइनचा वास. पूर्वी तिथे कुणाचा तरी भात साठवलेला असायचा. धाकट्याने आत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं होतं, की या सगळ्या चित्रांना शिक्षा का केली आहे. कारण सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेव्हा आम्ही मोठी माणसं हसलो आणि तुम्हाला उसाचा रस प्यायला नेलं. उत्तर राहूनच गेलं.

उत्तर असं, की आमच्याकडे घरात माणसाचं रंगवलेलं मोठं चित्र लागतं ते तो माणूस गेल्यावर. जिवंत माणसाचं चित्र भिंतीवर लावणं म्हणजे त्याची वाट मोकळी करणं, असं लोक मानतात. भावजी मुंबईला चित्रकला शिकून परत आले आणि त्यांनी ठरवलं की आपण माणसंच काढायची, आपल्याच भागातली, आणि तीही समोर बसवून. लोकांना समोर बसायला आवडायचं. मात्र तयार झालेलं चित्र घरी न्यायला कुणी राजी नसायचं. आहुप्याची एक म्हातारी हिरडे निवडत बसलेली त्यांनी काढली होती. चित्र बघून ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "लई ब्येस झालं. आता म्या मरंस्तवर नीट ठिव."

तसंच झालं. चित्रं शेडमध्ये राहायची, आणि माणूस गेलं की घरचे टेम्पो घेऊन यायचे. तोवर धूळ बसू नये, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने जिवंत माणसाला सवयीने नमस्कार करू नये, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

न्यायला आलेल्यांच्या मागण्या ठरलेल्या असत. केस जरा काळे करा. गळ्यात वज्रटीक घाला, तिची फार इच्छा होती. दात पडलेले दाखवू नका. खोडदच्या एका मुलाने वडिलांची शेतात घालायची बंडी काढून त्या जागी कोट मागितला होता, कारण घरामागच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या पाहायला परदेशातून माणसं येतात, ती कधी घरातही डोकावतात. भावजी वाद घालत नसत. ते मूळ चित्रावरून दुसरं काढून देत, त्यात सगळं म्हणाल तसं. त्याला ते 'घरचं चित्र' म्हणत. मूळ चित्र पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभं राही.

पैसे अर्थातच घरच्या चित्रांचे मिळायचे, आणि दुकानांच्या पाट्यांचे. फ्लेक्स आल्यावर पाट्याही गेल्या. आमच्या सासरी लग्नकार्यात कुणी विचारलं, की धाकटे काय करतात, तर "त्यांचं स्वतःचं काम आहे" असं सांगायची पद्धत होती. मीही तसंच सांगायचे. घरच्या चित्रांच्या गोष्टी मात्र मी रंगवून सांगत असे, स्टाफरूममध्ये चहा पिताना. वज्रटीक, कोट, काळे केस. लोकांना आपला चेहरा आहे तसा का नको असतो, यावर मी कितीतरी वेळा हसले आहे.

आता त्या पांढऱ्याबद्दल.

तुमची आई कॉलेजात होती त्या सुमारास माझ्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या खाली, तांदळाएवढा पांढरा ठिपका उठला. पुण्याच्या डॉक्टरांनी टिकलीच्या डिंकाने होतं म्हणून सांगितलं आणि मलम दिलं. मी डिंकाची टिकली सोडून कुंकू लावायला लागले. ठिपका थांबला नाही. तो पसरत डाव्या भुवईपर्यंत आला, मग भुवईचे थोडे केसही पांढरे झाले. त्याला आपल्याकडे कोड म्हणतात. तो दुखत नाही, कुणाला लागत नाही, आणि मी वर्गात मुलींना हे विज्ञानाच्या बाईंपेक्षा चांगलं समजावून सांगितलं असतं. मी त्या शब्दाचा उच्चार कधी केला नाही. कुंकू मोठं केलं, केस डावीकडे ओढून बसवले, आणि उरलेल्या जागी अंगाच्या रंगाचं क्रीम लावायला शिकले. तुमच्या आईचं लग्न ठरत होतं. मुलीच्या आईला कोड आहे म्हटल्यावर लोक काय विचारतील हे मला माहीत होतं. पाहुणे येऊन गेले, माझ्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही. मी सुटले असं मला वाटलं.

मग तुमचे आजोबा गेले. दहाव्याला घरात बायका जमल्या होत्या, मी आरशासमोर उभी राहिले आणि कुंकू पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. हल्ली कितीतरी जणी पुसत नाहीत, माझी धाकटी बहीण तर मला रागावली. पण मी लावलं असतं तर हौस म्हणून लावते असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि ते मला सोसवलं नसतं. कुंकू पुसलं, आणि त्याखालचा पांढरा भाग एवढा मोठा झाला आहे हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनात तुमचे आजोबा नव्हते. बाहेर बायका बसल्या आहेत, आणि क्रीमची ट्यूब कुठे आहे, एवढंच होतं. ते आठवलं की अजून माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं होतं.

तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी क्रीम. तुमचा रविवारचा व्हिडिओ फोन यायच्या आधी पुन्हा एकदा. तुम्ही मला कधी क्रीमशिवाय पाहिलेलं नाही.

भावजी अनेक वर्षं मागे लागले होते, की वहिनी, एकदा बसा. मी दर वेळी म्हणायचे, अहो, जिवंतपणी कसलं चित्र काढताय. सगळ्या अंधश्रद्धांवर मुलींना भाषणं देणारी मी, आणि हे कारण पुढे करत होते. खरं कारण त्यांना कळत असणार. त्यांचं कामच बघण्याचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालल्याचं निघालं. समोर पाहिलं की मधोमध धुरकट दिसतं, कडेने बरं दिसतं, आणि रंग फिके वाटतात. ते घरी आले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं तुमच्या हातचं खातोय. या डोळ्यांनी आता थोडेच चेहरे व्हायचेत. त्यात तुमचा नको का?"

मला नाही म्हणता आलं नाही. मी जुन्नरहून एसटीने घोडेगावला आणि तिथून रिक्षाने शिनोलीला जायला लागले. ते बसणाऱ्याला रिकाम्या हाताने बसू देत नाहीत, माणूस अवघडतो म्हणून. त्यांनी माझ्या मांडीवर सूप ठेवलं, त्यात सोलायचा लसूण. शेडच्या उत्तरेकडचं दार उघडायचं, त्यातून येणारा शांत उजेड चेहऱ्यावर घ्यायचा. आधी पातळ तपकिरी रंगाने नुसती बैठक मांडायची, मग मागे मागे जात दाराच्या चौकटीपर्यंत, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहायचं, मग पुन्हा पुढे. मध्येच हातातला छोटा आरसा धरून त्यात चित्र उलटं बघायचं, चूक लगेच दिसते म्हणून. मी लसूण सोलत होते. हात आणि पातळाच्या चुण्या झाल्या, मान झाली. कपाळ राहिलं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि एक ओलं स्वच्छ फडकं माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "वहिनी, त्या लेपावर उजेड थांबत नाही. पुसता का?"

ते खूप साधेपणाने म्हणाले, तोंड पुसायला पंचा द्यावा तसे. मी फडकं घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याच्या भावासमोर पदर पडल्यावर व्हावं तसं मला झालं होतं. पुसून वळले तेव्हा ते पॅलेटवर रंग कालवत होते. माझ्याकडे पाहायला लागले तेव्हाही आधीसारखेच पाहत होते, लसणाकडे पाहावं तसे. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आता नुसता पांढरा लावायचा, सोपं झालं. ते म्हणाले, "पांढरा कुठे आहे? यात गुलाबी आहे, कडेला थोडी हिरवट झाक आहे. फार अवघड आहे हा रंग. लागतो की नाही बघू."

तो लागला. चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यांनी मला पाहायला बोलावलं. त्यात एक म्हातारी बाई खाली बघून लसूण सोलत होती आणि तिच्या कपाळावर डावीकडे तो भाग होता, भुवईच्या पांढऱ्या केसांसह. बाकी सगळं उत्तम होतं. हात तर माझ्या आईचे वाटत होते. पण मला त्या एका जागेपलीकडे काही दिसेना. चांगलं झालंय, म्हटलं. मग म्हटलं, भावजी, एक घरचं पण काढाल का?

ज्या मागणीवर मी स्टाफरूममध्ये हसायचे तीच मागणी. मी वज्रटीकही मागितली नव्हती. फक्त कपाळ मागितलं होतं. ते हसले नाहीत. "बघू," म्हणाले. मी ते होय असं धरलं, आणि हे मूळचं तोवर भिंतीकडे तोंड करून ठेवा असं सांगितलं. माझ्यासमोरच वळवून घेतलं आणि मग घरी गेले.

उन्हाळ्यानंतर माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी ठरवलं की भावजींच्या चित्रांचं प्रदर्शन आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये भरवायचं. त्यांतल्या काही जणी आता त्याच शाळेत शिक्षिका आहेत. टेम्पो शिनोलीला गेला आणि भिंतीला लावलेलं होतं नव्हतं तेवढं सगळं भरून घेऊन आला. निवडलेली चित्रं खिळ्यांना लागली. माझं लावायचं नव्हतं, म्हणून भावजींनी ते कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. घरचं अजून झालेलं नव्हतं. मी पाठमोऱ्या कॅनव्हासकडे एकदा पाहून खात्री केली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. क्रीम नीट लावलं होतं. पातळ चॉकलेटी होतं, इस्त्रीचं.

तुम्हाला आपल्याकडच्या कार्यक्रमांची माहिती नाही. इथे कार्यक्रम कशाचाही असो, सुरुवात प्रतिमापूजनाने होते. टेबलावर एखादी तसबीर ठेवायची, पाहुण्यांनी हार घालायचा, गंधकुंकू लावायचं, समई पेटवायची. त्याशिवाय भाषण सुरू करायचं कुणालाच सुचत नाही. शाळेची सरस्वतीची तसबीर असते कपाटात, आणि कपाटाची किल्ली होती क्लार्ककडे, आणि क्लार्क गेला होता लग्नाला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवर "आता प्रतिमापूजन" म्हटलं, पाहुणे उठले, हार ताटात तयार. भिंतीवरची चित्रं तारांनी बांधलेली, ती निघेनात. कोपऱ्यात मात्र एक सुटं चित्र उभं होतं. नव्या भरती झालेल्या दोन शिक्षकांनी ते उचललं, वळवलं आणि टेबलावर ठेवलं. ते मला ओळखत नव्हते. फ्रेममधली म्हातारी बाई, शाळेचा हॉल, असेल कुणी जुनी संस्थापक, असं त्यांना वाटलं असणार.

मी उठायला हवं होतं. मी बसूनच राहिले.

पाहुणे आमच्या भागातले एक पुढारी, साधा माणूस. त्यांनी हार घातला. कुंकवाच्या वाटीत पाण्याने ओलं केलेलं बोट बुडवलं आणि चित्राच्या कपाळावर टेकवलं, त्याच जागेवर, जिथे माझी टिकली असायची. हात जोडले. मग शेजारच्या बाईंना विचारलं, पण समोर माइक चालू होता.

"लई जिवंत काढलंय. कधी गेल्या म्हनायच्या ह्या बाई?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. म्हणाल्या, "त्या पुढच्या रांगेत बसल्यात."

सगळा हॉल चित्राकडे पाहत होता, तो माझ्याकडे वळला. मग चित्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तेच कपाळ, एका ठिकाणी डाग आणि एका ठिकाणी क्रीम. पाहुणे खाली उतरून माझ्यासमोर आले, हात जोडले. "माफ करा बाई. आमचा हातच तसा झालाय, फ्रेम दिसली की हार." लोक हसले, प्रेमानेच हसले. मीही हसले. मी काहीतरी विनोद केला म्हणे, शंभर वर्षं वाढली माझी वगैरे. मला आठवत नाही. मला जिवंतपणी हार पडल्याचं काहीच वाटत नव्हतं. माझा डाग लोकांनी पाहिला हे तर होतंच. पण मी तो झाकते, हेही त्याच क्षणी पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक जुनी विद्यार्थिनी जवळ आली. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता. आम्हाला सातवीतच माहीत होतं. उन्हाळ्यात तुम्ही घाम पुसलात की दिसायचं. मग आम्ही वहीत बघायचो."

तिला मला धीर द्यायचा होता. माझ्या मात्र सगळे वर्ग डोळ्यांसमोर आले. मी रुमाल कपाळाला लावायची, मुली खाली बघायच्या, आणि मला वाटायचं किती लक्ष देऊन लिहिताहेत. न पाहण्याचं वळण मी त्यांना लावलं होतं, आणि त्यांनी ते पुढच्या वर्गाला दिलं होतं.

हॉल रिकामा होत होता. भावजींनी हार काढून ठेवला होता आणि चित्र खिडकीपाशी नेऊन मान वाकडी करून ते कडेच्या नजरेने पाहत होते. मी गेले. कोरडं कुंकू मऊ ब्रशने झटकून निघालं असतं, त्यांनी सांगितलं, पण हे ओल्या बोटाचं, रंगाच्या फटींत उतरलेलं. घासलं तर खालचा रंगही सुटेल. तेवढा भाग खरवडून नव्याने रंगवावा लागेल.

"रंगवीन," ते म्हणाले. "पण तो रंग मला आता परत लागायचा नाही, वहिनी. तेवढं दिसत नाही. साधा अंगाचा रंग भरीन. डाग राहणार नाही."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. घरचं चित्र पुन्हा न मागता माझ्या हातात आलं होतं, तेही कुणाला नाव न ठेवता. कुंकू काढायचं म्हणून काढलं, एवढंच. मी हो म्हणणार होते. तुम्हाला खोटं कशाला सांगू, हो माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात मागे खुर्च्या घडी करत असलेल्या माझ्या तीन विद्यार्थिनी थांबल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मला दिसलं की पाहिलं, आणि तिघींनी लगेच माना खाली घातल्या. खुर्च्यांकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "राहू द्या तसंच."

यात धैर्य काही नव्हतं. त्या तिघींसमोर पुन्हा एकदा पुसून घ्यायची लाज वाटली, म्हणून म्हटलं. भावजींनी मान हलवली आणि चित्र कापडात गुंडाळलं.

ते आता शिनोलीला आहे, बाकीच्यांसारखं भिंतीकडे तोंड करून उभं. कुंकवाचा लाल डाग पांढऱ्या डागावर आहे, एका कडेला जरा ओघळलेला. त्याला कुणी घरचं काढलेलं नाही आणि आता काढणारही नाही, कारण भावजींनी रंग ठेवून दिले आहेत. मी गेल्यावर तुम्ही ते न्यायला याल. टेम्पो दारापर्यंत जातो. कुणी म्हणेल दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्या, तर नको.

मागच्या रविवारी मी ठरवलं होतं, क्रीम न लावता बसायचं. सकाळी लावलंही नाही. तुमचा फोन वाजला आणि मी उठून खोलीतला दिवा मालवला. तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्याकडे लाइट गेलीय का. मी हो म्हणाले.

येत्या रविवारी काय करीन ते मला सांगता येत नाही. पण तोवर तुमचं हे वाचून झालेलं असेल. मी अंधारात दिसले तर लाइट गेलीय का असं विचारू नका. दिवा लाव म्हणा.